दोर पुसताना

थांबवलेल्या चित्रात शंभूच्या डाव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांना टेकलेली नव्हती. तिच्यात आणि शेजारच्या बोटात पेन्सिल बसेल एवढी फट होती. मी पुढचं चित्र घेतलं. फट तेवढीच. त्याच्या पुढचं घेतलं. फट किंचित रुंद झाली होती. मूठ घट्ट आवळलेली, हातमोज्याच्या रबराला सुरकुत्या पडलेल्या, आणि करंगळी तेवढी बाहेर, हुकूम तिच्यापर्यंत पोचलाच नाही अशी.

आधी वाटलं, माझाच ब्रश चुकून फिरला असेल. पुसलेला थर काढून मूळ चित्र पाहिलं. मूळ चित्रातही फट होती.

मी सकाळी लोहाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि दुपारनंतर सास्तूरच्या घरी बसून पुण्याच्या एका स्टुडिओसाठी दोर पुसते. सिनेमात उडणारा माणूस दोरावर टांगलेला असतो. तो दोर एकेका चित्रातून पुसायचा आणि त्याच्यामागे जे झाकलं गेलं असेल, आभाळ, खडक, भिंत, ते परत भरायचं. सेकंदाला अशी चोवीस चित्रं असतात. बाकीचं जग ज्या वेगानं सिनेमा बघतं त्या वेगानं मी कधीच बघत नाही, म्हणून इतरांच्या नजरेतून सुटलेलं कधी कधी मला दिसतं.

या वेळचं काम घरचंच होतं. मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांतला एक सुपरहिरोचा सिनेमा बेंबळीच्या पलीकडे, बंद पडलेल्या दगडखाणीत चालला होता. हिरोच्या जागी उडणारा, आदळणारा, पडणारा डुप्लिकेट म्हणजे माझा धाकटा भाऊ शंभुलिंग. ट्रेलर लवकर हवा होता, म्हणून शूटिंग चालू असतानाच तुकडे माझ्याकडे यायचे. आमची आई, अव्वा, माझ्यामागे खुर्ची टाकून शेंगा फोडत बसायची आणि पोराला बघायची. पहिल्या दिवशी मी दोराचा पहिला पट्टा पुसला तेव्हा ती म्हणाली होती, "दोर पुसलास तर पडंल की गं त्यो."

मी हसले होते. मग तिला समजावलं होतं की ही हाणामारी जशी दिसते तशी कधी घडतच नाही. हिरो ठोसा उगारतो तो एक तुकडा. मार खाऊन मागे फेकला जातो तो दुसरा, त्यात शंभू. भिंत फुटते तो तिसरा, त्यात माणूसच नसतो, संगणकातला बाहुला असतो. मग धूळ, आणि धुळीतून परत हिरोचा चेहरा. एकेक तुकडा सेकंदभरसुद्धा टिकत नाही. आदळण्याचा नेमका क्षण कुठल्याच तुकड्यात नसतो. तो दोन तुकड्यांच्या सांध्यात टाकून दिलेला असतो, आणि बघणारा आपल्या मनानं तो भरून घेतो.

अव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लागतं कुणाला?"

"कुणालाच न्हाय," मी म्हणाले होते.

करंगळी दिसली त्या दुपारी मी मागचे सगळे तुकडे उघडले आणि शूटिंगच्या तारखांप्रमाणे लावले. भिंतीवर आदळण्याच्या प्रसंगाआधी शंभूची मूठ पूर्ण मिटत होती. त्या प्रसंगानंतर एकदाही मिटली नव्हती. सिनेमा बघून हे कुणाला कळणं शक्य नव्हतं. तिथं तुकड्यांची सरमिसळ होती. आधीची मूठ नंतर येत होती आणि नंतरची आधी, आणि दोन्ही पापणी लवायच्या आत निघून जात होत्या.

संकलक तुकडा पाठवतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं चित्रण ठेवतो. ते मी एरवी बघत नाही, कारण सिनेमात ते येणारच नसतं. त्या दिवशी बघितलं. भिंत थर्माकोलची होती, पण तिच्यामागे खाणीचा खरा खडक होता. शंभूला मागे खेचून खडकाच्या अलीकडे थोपवण्याचं काम दोराचं होतं. दोरानं थोपवलं, पण एकदम. धड थांबलं. डोकं मागे गेलं, इतकं की हनुवटी आभाळाकडे झाली, आणि तसंच परत आलं. तो क्षणभर लोंबकळत राहिला. कुणीतरी लांबून विचारलं, "शंभू, हैस ना?" त्यानं मूठ वर केली. मुखवटा सरकला होता. मी चेहरा मोठा करून पाहिला. त्यावर काहीही नव्हतं.

तो काहीही नसलेला चेहरा मला ओळखीचा आहे. आमच्या घरात पुरवंतपण आहे. वीरभद्राच्या मिरवणुकीत अप्पा कन्नड पदं म्हणत पुढे चालायचे आणि लांब सुईसारखं शस्त्र एका गालातून घालून दुसऱ्या गालातून बाहेर काढायचे. अप्पा गेल्यावर ते शंभूकडे आलं. शस्त्र जाताना चेहरा हलता कामा नये, एवढीच त्यातली शिकवण. चेहरा हलला तर देवाला कमीपणा. शंभूचा कधी हलला नाही. आता खाणीतली माणसं तोच चेहरा बघत होती आणि पोराला काही झालेलं नाही असं समजत होती. दुसऱ्या कुणाचा चेहरा असता तर त्यांची समजूत बरोबर ठरली असती.

देवश्री माझी कॉलेजातली मैत्रीण, धाराशिवला फिजिओथेरपिस्ट आहे. तिला मी करंगळीचा आणि भिंतीचा असे दोन्ही तुकडे पाठवले. कुणाचे आहेत ते सांगितलं नाही. तिनं फोन केला तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला. मी नाव सांगितलं. तेव्हा ती म्हणाली की नुसतं बघून काही ठरवता येत नाही, तपासावं लागेल, पण मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल तर करंगळी अशी सुटते. त्याला हात भरभर उघडमीट करायला सांग. आणि तपासणी होईपर्यंत मानेला हिसका नको.

मी विचारलं, बसला तर?

"मग करंगळीवर भागायचं नाही," ती म्हणाली. "हातपाय जातील. अजून वर असेल तर श्वास."

रविवारी शंभू जेवायला घरी आला. अव्वानं त्याच्या आवडीची कडक भाकरी ठेवली होती. त्यानं ती हातात घेतली, क्षणभर धरली आणि परत ठेवली. म्हणाला, मऊ असंल तर दे.

"हाटेलचं खाऊन सायेब झालास व्हय?" अव्वा म्हणाली. "का दात पडले?"

तो हसला. कडक भाकरी मोडायला दोन्ही हातांत सारखा जोर लागतो. तो मऊ भाकरी उजव्या हातानं तोडून जेवला. डावा हात पूर्ण वेळ मांडीवर होता. हे अव्वाला दिसू नये असं मला वाटत होतं आणि तिला ते दिसावं असंही वाटत होतं.

जेवणानंतर मी त्याला मागच्या अंगणात नेलं आणि हात उघडमीट करायला सांगितला. उजवा भरभर चालला. डावा थंडीत गारठलेल्या माणसाचा असावा तसा चालला, बोटं एकामागून एक मिटत होती आणि करंगळी कशातच नव्हती. शंभू स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं तो खिशात घातला.

मी त्याला देवश्रीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं मुंग्या येतात हे कबूल केलं, रात्री झोपेत पाय आपोआप ताठ होतात हेही कबूल केलं. पण थांबायला तो तयार नव्हता. गुरुवारी मोठी उडी होती. ती झाली की हाणामारी बसवणारे फाइट मास्तर त्याला फायटर लोकांच्या संघटनेत घेणार होते, मग गावोगावची छोटी कामं संपली.

"आन् न्हाय म्हणलं तर काय हुतंय, सांगू?" तो म्हणाला. "ह्याला लागतंय, असं नाव पडतं. एकदा पडलं की कुणी बोलवत न्हाय. अक्का, एवढी उडी झाली की तू म्हणशील तिथं येतो. तवर कुणाला बोलू नको. मास्तरला तर न्हायच न्हाय."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. त्यानं ते हो धरलं.

सोमवारपासून मी वर्गात एक शिकवत होते आणि मनात दुसरंच चालू होतं. पडणारी वस्तू थांबवायला जितकं जास्त अंतर मिळतं तितका हिसका कमी. हे मी दर वर्षी मुलांना झेल घेताना हात मागे नेण्याच्या उदाहरणानं शिकवते. क्रेनची उंची शंभूकडून कळली होती, दोर किती ताणला जातो ते मास्तरांच्या पोरांकडून कळलं. हिशेब धडाचा नीट बसत होता. दोर कमरेला आणि छातीला बांधतात, त्यामुळे दोर थांबला की धड थांबतं. डोकं थांबवायला मान लागते, आणि मानेचं काय होतं ते माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. तरी मी आकडे परत परत मांडत राहिले. अजून एक माप मिळालं की बोलू, असं मी स्वतःला सांगत होते. माप घेत राहणं म्हणजे काहीतरी करत राहणं आहे असं मला वाटत होतं. दुपारी घरी येऊन मी दोर पुसत होते.

झोपेत मला एकच दिसायचं: मी ब्रश फिरवते, दोर जातो आणि तो खाली येतो. घाम पुसत उठायचे. अव्वा शेजारी शांत झोपलेली असायची.

गुरुवारी मी रजा टाकली. दिग्दर्शकानंच बोलावलं होतं. मोठ्या उडीत दोर पुसायचं काम मोठं होतं, त्यामागे काय काय आहे ते मी प्रत्यक्ष बघून घ्यावं असं त्याचं म्हणणं होतं. तरुण, भरभर बोलणारा माणूस. त्यानं मला मॉनिटरजवळ उभं करून उत्साहानं सांगितलं की लोक आता तुकड्यांना कंटाळलेत. तुकडा बदलला की खोटं आलं हे त्यांना कळायला लागलंय. म्हणून ही उडी अखंड घ्यायची. क्रेनच्या टोकापासून जमिनीपर्यंत कॅमेरा शंभूच्या बरोबरीनं खाली येणार, मध्ये एकही सांधा नाही. दोर त्याला जमिनीपासून पुरुषभर उंचीवर थांबवेल, तिथून पुढचं संगणक बघेल.

मी विचारलं, चेहरा तर शंभूचा दिसेल ना?

"तो आपण काढतो," तो म्हणाला. "हिरोचा बसवणार. खालपर्यंत."

म्हणजे पडताना त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलंच तरी ते कुणी कधीच बघणार नव्हतं. आधी दोर जाणार, मग चेहरा. ऊन चांगलं तापलं होतं तरी मी ओढणी अंगाभोवती घेतली.

शंभू लाल पोशाख चढवून आला. क्रेनवाला ईट गावचा होता, तो खालून ओरडला की हिरोसायेब कुठंयत, दिसंनात. व्हॅनमदी पडलेत, दुसरा म्हणाला, उडून उडून दमलेत. सगळे हसले. शंभूही हसला. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "तसलं तोंड करू नको अक्का. मास्तर बघतेत."

नारळ फुटला. मग शंभूच्या आधी चाचणीसाठी पोतं सोडलं. शंभूच्या वजनाइतकी वाळू भरलेलं मोठं पोतं, आणि डोक्याच्या जागी सुतळीनं बांधलेलं एक लहान पोतं. क्रेन वर गेली. कुणीतरी मोठ्यानं मोजलं. पोतं सुटलं, खाली आलं, दोर ताणला आणि पोतं थांबलं. मी मोठ्या पोत्याकडे बघत नव्हते. लहान पोतं पुढे गेलं, सुतळीनं ताणून मागे ओढलं, मग बाजूला कललं आणि तसंच कललेलं राहिलं. मास्तर जमिनीपासूनचं अंतर बघून आले. हवं तेवढंच होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लहान पोत्याच्या गळ्यापाशी सुतळी सैल झाली होती आणि वाळूची बारीक धार खाली पडत होती. पोतं सोडवून ओढत नेलं तरी ती पडत होती, जमिनीवर तिची रेघ उमटत गेली. कुणी त्याकडे बघितलं नाही. दोर तपासायचा होता, तो पास झाला होता.

शंभूला बांधलं. छातीचा पट्टा, कमरेचा पट्टा, पाठीवर कडी. मास्तरांनी प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहिली. मास्तर सोलापूरचे, वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांच्या हातांकडे बघताना मला वाटलं, हा माणूस काळजी घेतो. ज्याची काळजी घ्यायची ते याला माहीतच नाही.

क्रेन शंभूला घेऊन वर निघाली. वर जाताना तो थोडा थोडा फिरत होता, आणि लहान होत होता. आभाळाच्या पांढऱ्या उजेडात तो लाल ठिपका झाला. मी मनात वाक्य तयार केलं, मोडलं, परत तयार केलं. उडी झाली आणि काहीच झालं नाही तर? देवश्री स्वतःच म्हणाली होती, बघून ठरवता येत नाही. शंभू मला आयुष्यभर क्षमा करणार नाही. आणि काही झालं तर क्षमा करायला तो असेल की नाही, असला तर मानेखाली काय असेल, याच्यापुढे माझं मन जात नव्हतं.

दिग्दर्शक म्हणाला, "मास्तर, ऊन चाललंय."

मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. उंच उडीच्या आधी त्यांची एक रीत होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दोराशी ज्याचा ज्याचा संबंध, त्यानं तोंडानं 'माझ्याकडून हो' म्हणायचं. मान हलवलेली चालत नाही. फार वर्षांपूर्वी मद्रासकडे एका उडीआधी कुणीतरी नुसती मान हलवली होती, एवढंच ते सांगत, पुढचं सांगत नसत. आणि एकाचा जरी हो राहिला तरी उडी होत नसे, मग तो चहा देणारा का असेना.

ते क्रेनवाल्याकडे वळले.

"माझ्याकडून हो."

दोर धरणारी दोन पोरं. हो, हो. गाद्या लावणारा. हो. कॅमेरावाला डोळा न काढताच म्हणाला, हो. प्रत्येक हो ऐकताना मला वाटत होतं, हा थांबवेल, आता हा थांबवेल. यांतल्या कुणालाच थांबवायचं कारण माहीत नव्हतं. ते कारण या खाणीत दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक वर टांगलेला होता.

मास्तरांनी वॉकी तोंडाजवळ नेला. "शंभू?"

वरून आवाज आला, खरखरीत, पण स्थिर. पदं म्हणताना असायचा तसा. "माझ्याकडून हो, मास्तर."

दिग्दर्शक खुर्चीत पुढे सरकला. क्लॅप देणारी मुलगी पाटी घेऊन उभी राहिली. मला वाटलं, झालं, फेरी संपली. छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी मला माझीच भीती वाटली, कारण ते सुटलेपण सुटकेचं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

मास्तर माझ्याकडे वळले. थोडंसं हसले.

"ताई, दोर तुम्ही पुसता. म्हणजे तुम्हीपण दोराच्याच." त्यांनी सगळ्यांना विचारला होता त्याच सुरात विचारलं, "तुमच्याकडून?"

वॉकीचं बटण त्यांच्या बोटाखाली दाबलेलं होतं. वर त्याला ऐकू जाणार होतं. आजूबाजूच्या बहुतेकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. माझा हो त्यांनी आधीच धरलेला होता.

"माझ्याकडून नाही," मी म्हणाले. "त्याच्या मानेला लागलंय. त्याला खाली घ्या, मास्तर."